धातूच्या पत्र्यावरील अमूर्त चित्र : घरगुती प्रतिकृतींच्या इतिहासातील पृष्ठभागाचा प्रश्न

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत शहरी घरांच्या दिवाणखान्यात एका नव्या वस्तूची भर पडलेली दिसते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एकाच दिशेने अतिशय बारीक रेषा उमटवलेल्या असतात. त्यावर एखाद्या अमूर्त चित्राची प्रतिकृती छापलेली असते आणि चौकट किंवा काच न लावता तो पत्रा भिंतीपासून किंचित पुढे बसवलेला असतो. पत्र्याच्या अशा घडणीला व्यवहारात 'ब्रश्ड फिनिश' किंवा 'हेअरलाइन फिनिश' असे म्हणतात. यातील कित्येक पत्र्यांवर कोणत्याही ज्ञात चित्रकाराची कृती नसते, केवळ 'अमूर्त' या सदरात मोडणारी एखादी नक्षी असते. तथापि कांदिन्स्की, मोन्द्रियान यांच्यासारख्या चित्रकारांच्या कृतीही या माध्यमातून घरोघर पोहोचल्या आहेत.

चित्रांच्या प्रतिकृतींचा इतिहास बहुधा स्वस्ताईचा इतिहास म्हणून सांगितला जातो. राजवाड्यातील चित्र प्रथम सधन व्यापाऱ्याच्या आणि मग कारकुनाच्या घरी कसे आले, हा त्याचा नेहमीचा क्रम होय. वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुविख्यात निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे मूळ कलाकृतीभोवतीचे वलय नाहीसे होते अशी मांडणी केली. आंद्रे मालरो यांनी १९४७ मध्ये छायाचित्रांतून साकारणाऱ्या 'काल्पनिक संग्रहालया'ची कल्पना पुढे आणली आणि त्यात हस्तिदंती मूर्ती व मंदिराचे शिल्प एकाच आकाराचे होऊन बसतात, याकडे लक्ष वेधले. या दोन्ही विचारांत चित्र कशावर छापले जाते हा प्रश्न दुय्यम राहिला. अमूर्त चित्राच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न प्रथम विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात धातूवरील चित्र व मुद्रण यांच्या इतिहासातील काही टप्प्यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

तैलचित्राचे सोंग

आलोइस सेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शिळाछापाचे तंत्र शोधून काढले. गोदफ्रुआ एंगेलमान यांनी १८३७ मध्ये रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले. यानंतर चित्राच्या प्रतिकृती मोठ्या संख्येने व रंगीत स्वरूपात निघू लागल्या. अमेरिकेत बॉस्टन येथील लुई प्रँग यांनी या व्यवसायाला मोठे रूप दिले. एकेका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा स्वतंत्र दगड याप्रमाणे कधीकधी वीसहून अधिक दगड वापरले जात. छपाई झाल्यावर कागदावर कॅनव्हासच्या विणीचा ठसा दाबला जाई आणि वरून व्हार्निश दिले जाई. अशा प्रकारच्या छापील चित्रांना पुढे 'ओलिओग्राफ' हे नाव रूढ झाले. कागद आपण कॅनव्हास असल्याचे आणि शाई आपण तैलरंग असल्याचे सोंग वठवीत होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

या सोंगाविषयीचा वाद तेव्हाच सुरू झाला. कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या भगिनींनी १८६९ च्या आपल्या गृहव्यवस्थापनविषयक ग्रंथात बैठकीच्या खोलीसाठी अशा छापील चित्रांची शिफारस केली. चांगले चित्र पाहत वाढलेल्या मुलांची अभिरुची घडते, ही त्यामागील धारणा होती. उलट 'द नेशन' या साप्ताहिकाचे संपादक ई. एल. गॉडकिन यांनी १८७४ मध्ये 'क्रोमो-संस्कृती' असा शब्दप्रयोग करून, उथळ माहितीलाच विद्वत्ता समजणाऱ्या समाजावर टीका केली. गॉडकिन यांच्या लेखनात वर्गीय तुच्छता आहे हे नाकारता येत नाही. छापील चित्राशिवाय दुसरे चित्र ज्यांच्या दृष्टीस कधी पडणारच नव्हते, त्यांच्याविषयी त्यांना फारशी आस्था नव्हती.

महाराष्ट्रात हाच टप्पा चित्रशाळा आणि रविवर्मा मुद्रणालय यांच्या रूपाने आला. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा सुरू केली. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे जर्मन यंत्रसामग्री आणून मुद्रणालय उभारले. पुढे ते लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेले. तेथील लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे देवघरात आणि पेढीवर सारख्याच सहजतेने विराजमान झाली. विशेष म्हणजे कित्येक घरांत या चित्रांतील देवतांच्या वस्त्रांवर जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवले गेले. छापखान्याने दिलेला पृष्ठभाग गृहिणींनी आपल्या हातांनी बदलला आणि त्यामुळे चित्राचे काही बिघडले नाही. तीच लक्ष्मी पुढे दिनदर्शिकेवर आली, काडेपेटीच्या वेष्टनावरही आली आणि प्रत्येक ठिकाणी ओळखली गेली. ज्या चित्रात ओळखता येण्याजोगी आकृती असते, त्या चित्राला ती आकृतीच एका पृष्ठभागावरून दुसऱ्या पृष्ठभागावर सुखरूप नेते. अमूर्त चित्राजवळ असे वाहन नसते. रंगाची जाडी, त्याची चमक किंवा मंदपणा, कुंचल्याची दिशा, आकारमान आणि आधारद्रव्य हेच त्याचे शब्द असतात.

धातू : आधार आणि छपाई

धातूवरील प्रतिमा ही मुळात आधुनिक गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातील देवघरात कुलदैवतांचे टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावाने घडवलेले हे टाक पिढ्यान्पिढ्या हाताळले जातात आणि झिजतात. युरोपात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तांब्याच्या पत्र्यावर तैलरंगात चित्रे काढण्याची पद्धत रूढ झाली. तांबे रंग शोषून घेत नाही आणि त्याला कापडासारखी वीणही नसते. त्यामुळे सूक्ष्म तपशील काढता येतात व रंगांना आतून उजळल्यासारखी झळाळी मिळते. आडाम एल्सहाइमर यांचे १६०९ मधील 'इजिप्तकडे पलायन' हे चांदण्या रात्रीचे चित्र तांब्यावरच आहे; आज ते म्यूनिक येथे आहे. सुमारे ३१ × ४१ सेंटिमीटर इतक्या लहान जागेतील तारकांनी भरलेले ते आकाश खरखरीत कॅनव्हासवर साधणे कठीण होते. येथे धातूची निवड चित्रकाराने केली होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

धातूवर छपाई करणे त्यापेक्षा अवघड ठरले. दगडाचा कठीण पृष्ठभाग आणि पत्र्याचा कठीण पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता शाई नीट उतरत नसे. लंडन येथे रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ मध्ये यावर तोडगा काढला आणि त्याचे पेटंट घेतले. दगडावरील शाई प्रथम गुळगुळीत पुठ्ठ्याने मढवलेल्या रुळावर घ्यायची आणि तेथून पत्र्यावर उतरवायची, असे त्याचे स्वरूप होते. पुठ्ठ्याची जागा पुढे रबराने घेतली. बिस्किटांच्या नक्षीदार डब्यांचा सुकाळ झाला तो या युक्तीमुळे. कागदासाठी हेच तत्त्व वापरण्याचे श्रेय अमेरिकेतील आयरा रूबेल यांना दिले जाते, आणि ती घटना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. ज्या ऑफसेट मुद्रणावर विसाव्या शतकातील कलाविषयक ग्रंथ छापले गेले आणि ज्यातून आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांना जगातील चित्रकला प्रथम भेटली, ते तंत्र जन्माने पत्र्याच्या डब्याचे आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मोहोली-नागी यांचे तीन पत्रे

अमूर्त चित्र, धातूचा पत्रा आणि एकाच कृतीच्या अनेक प्रती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या १९२३ मध्ये. हंगेरीत जन्मलेले आणि त्या वर्षी बाउहाउस या जर्मन कलाशाळेत अध्यापक झालेले लास्लो मोहोली-नागी यांनी एका पाट्या तयार करणाऱ्या कारखान्याकडून पोलादी पत्र्यावर मिन्याच्या रंगात चित्रे करवून घेतली. दुकानांच्या व रस्त्यांच्या नावांच्या चकचकीत पाट्या ज्या पद्धतीने भट्टीत भाजून तयार होत, तीच ही पद्धत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काही सरळ पट्टे आणि आडव्या-उभ्या छेदांची एकच रचना तीन वेगवेगळ्या आकारांत करण्यात आली. त्यांपैकी सर्वांत मोठा पत्रा सुमारे ९५ सेंटिमीटर उंच, तर सर्वांत लहान त्याच्या चौथाईच्या आसपास आहे. बर्लिनमधील 'डेर स्टुर्म' या कलादालनात १९२४ मध्ये ते प्रदर्शित झाले.

या कृती 'टेलिफोन चित्रे' म्हणून ओळखल्या जातात. कारखान्याचा रंगतक्ता आणि आलेखाचा कागद समोर ठेवून आपण दूरध्वनीवरून मागणी नोंदवली, असे मोहोली-नागी यांनी पुढे लिहिले. त्यांच्या तत्कालीन पत्नी व छायाचित्रकार लुसिया मोहोली यांच्या आठवणीनुसार मात्र मागणी प्रत्यक्ष जाऊनच दिली होती, आणि 'हे तर दूरध्वनीवरूनही करता आले असते' असे उद्गार त्यांनी नंतर काढले होते. इतिहासाच्या दृष्टीने लुसिया यांचे कथन अधिक विश्वसनीय वाटते. परंतु कथा कोणतीही खरी असली, तरी मुद्दा तोच राहतो. चित्रकाराचा हात पत्र्याला लागला नाही आणि तरीही कृती त्याचीच राहिली, कारण मिन्याची चकाकी, पोलादाचा सपाटपणा, तीन आकारांमुळे एकाच रचनेत पडणारा फरक यांचा विचार त्यानेच केला होता. आकारमान बदलले की तेच नाते डोळ्यांना वेगळे भासते, हाच तर त्या प्रयोगाचा विषय होता.

आजच्या धातुमुद्रित चित्राचे विक्रेतेही एकच चित्र लहान, मध्यम आणि मोठ्या आकारात देऊ करतात. वरवर पाहता ही मोहोली-नागी यांच्या कल्पनेचीच पूर्ती वाटते. परंतु त्यांच्या तीन पत्र्यांमध्ये आकार हा चित्राचा आशय होता, तर दुकानात तो भिंतीच्या मापावरून ठरतो. धातूवर छापले म्हणून अमूर्त चित्राचा अवमान होतो, असा सरसकट आक्षेप म्हणूनच टिकत नाही. पृष्ठभाग व आकार यांचा निर्णय कोणी केला, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

घासलेला धातू

घासून रेषा उमटवलेल्या धातूला कलेत प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ यांनी. तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात काम केलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डिंग केलेल्या स्मिथ यांनी १९६१ ते १९६५ या काळात 'क्यूबी' ही २८ शिल्पांची मालिका घडवली. स्टेनलेस स्टीलच्या पेट्या आणि नळकांडी एकमेकांवर जोडून, त्यांचा पृष्ठभाग यंत्राने घासून त्यांनी त्यावर वळणदार, एकमेकांत गुंतलेल्या रेषांचे जाळे उमटवले. ही शिल्पे उघड्या माळावर उभी राहत. सकाळी निळसर, संध्याकाळी तांबूस, ढगाळ हवेत राखाडी अशी ती दिसत. घासण्याच्या प्रत्येक फटकाऱ्यात हाताची दिशा होती आणि प्रकाश त्या दिशेप्रमाणे फुटत होता. यंत्राने एकाच दिशेने ओढलेल्या समांतर रेषांच्या पत्र्यावर प्रकाशाचा एकच पट्टा सरकतो. दोन्हींना 'ब्रश्ड' हेच विशेषण लागते, यापलीकडे त्यांच्यात साम्य थोडेच आहे.

स्मिथ यांच्याच बाबतीत पुढे घडलेला एक वाद येथे उद्बोधक ठरतो. १९६५ मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर त्यांच्या वारशाची व्यवस्था पाहणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग हे होते. स्मिथ यांच्या काही रंगवलेल्या शिल्पांवरील रंग त्या काळात काढून टाकण्यात आला किंवा हवापाण्याने नष्ट होऊ देण्यात आला. रोझलिंड क्राउस यांनी १९७४ मध्ये छायाचित्रांच्या पुराव्यानिशी ही बाब उजेडात आणली आणि अमेरिकन कलाविश्वात खळबळ उडाली. शिल्पाचा आकार तसूभरही बदलला नव्हता. बदलला होता केवळ पृष्ठभाग, आणि तेवढ्याने कृतीच बदलली, असे टीकाकारांचे म्हणणे होते. प्रतिकृतीच्या बाजारात हाच फेरफार रोज होतो. तेथे त्याला फेरफार न म्हणता 'फिनिश'चा पर्याय म्हणतात.

पांढऱ्या रंगाचे काय होते?

धातुमुद्रणाच्या दोन पद्धती आज विशेष प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत चित्र उलटे करून विशिष्ट कागदावर छापतात आणि तो कागद पॉलिमरचा लेप दिलेल्या पत्र्यावर सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला दाबतात. उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती लेपात शिरते. मग्यांवर व टी-शर्टवर छायाचित्रे छापणाऱ्यांना ही 'सब्लिमेशन' पद्धत परिचित आहे. दुसऱ्या पद्धतीत अतिनील प्रकाशात तत्काळ वाळणारी शाई थेट पत्र्यावर सोडतात. यासाठी पुष्कळदा दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेले फलक वापरले जातात. असे फलक १९६९ पासून युरोपच्या बाजारात आले. आपल्याकडे दुकानांचे दर्शनी भाग ज्या 'एसीपी शीट'ने मढवलेले असतात, ते याच जातीचे आहेत. पाट्यांच्या कारखान्याशी असलेले अमूर्त चित्राचे जुने नाते अशा रीतीने पुन्हा जुळले आहे, पण या वेळी चित्रकाराच्या गैरहजेरीत.

या तंत्रांतील कळीची बाब अशी की, नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसते. कागदावर पांढरेपणा कागदाचा असतो. पत्र्यावर कागद नसल्यामुळे जेथे चित्र पांढरे, तेथे धातू उघडा पडतो. सब्लिमेशनमध्ये पांढऱ्या लेपाचा पत्रा घेता येतो आणि दुसऱ्या पद्धतीत पांढऱ्या शाईचा थर आधी देता येतो, परंतु तसे केल्यास घासलेल्या धातूची चमक झाकली जाते आणि ज्यासाठी ग्राहक पैसे मोजतो तेच नाहीसे होते. म्हणून बहुधा पांढऱ्याच्या जागी रुपेरी राखाडी स्वीकारला जातो.

पीट मोन्द्रियान यांच्या परिपक्व काळातील चित्रांत पांढरा रंग ही रिकामी जागा नाही. शेजारशेजारच्या पांढऱ्या चौकोनांत कुंचल्याची दिशा त्यांनी वेगळी ठेवली आहे, थर पुन्हा पुन्हा दिले आहेत आणि काळ्या रेषांच्या तुलनेत या भागांची पातळी किंचित वेगळी जाणवते. लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनांचे संतुलन या घट्ट पांढऱ्यावर उभे आहे. घासलेल्या पत्र्यावर या सर्व चौकोनांतून एकाच दिशेची रेघ सलग धावते, काळ्या रेषांच्या पाठीमागूनही धावते आणि चित्रकाराने वेगळे केलेले भाग पुन्हा एक करून टाकते. जॅक्सन पोलॉक यांच्या १९५० मधील 'लॅव्हेंडर मिस्ट' या चित्रात ॲल्युमिनियमचा रंग इतर रंगांत मिसळलेला आहे. धातूवर छापताना हा खरा ॲल्युमिनियम राखाडी शाई होतो आणि जेथे मुळात फिकट रंग आहे तेथे ॲल्युमिनियम चमकू लागतो. काझिमीर मालेविच यांच्या १९१८ मधील पांढऱ्यावरील पांढऱ्या चौकोनाचे असे मुद्रण कोणी केलेच, तर ग्राहकाच्या हाती जवळजवळ कोरा पत्रा येईल.

घर, सजावट आणि वर्ग

आपले चित्र घराची शोभा होऊन बसेल, ही भीती अमूर्त चित्रकारांना पूर्वीपासून होती. सेसिल बीटन यांनी १९५१ मध्ये 'व्होग' मासिकासाठी पोलॉक यांच्या चित्रांसमोर तरुणींना उभे करून वस्त्रप्रावरणांची छायाचित्रे काढली. समीक्षक हॅरल्ड रोझेनबर्ग यांनी १९५२ मध्ये सुलभ होत चाललेल्या अशा चित्रांना 'प्रलयी भित्तिकागद' म्हटले. मार्क रॉथ्को यांनी न्यूयॉर्कमधील एका उंची उपाहारगृहासाठी स्वीकारलेले काम अर्धवट सोडून पैसे परत केले. परंतु या भीतीची दुसरी बाजूही आहे. कांदिन्स्की यांनी १९२२ मध्ये 'लहान विश्वे' ही बारा मुद्राचित्रांची मालिका स्वतः काढली, योसेफ आल्बर्स यांनी १९६३ मध्ये रंगविषयक आपला ग्रंथ रेशमी जाळीच्या छपाईतून सिद्ध केला. अमूर्त चित्रकार छपाईविरोधी नव्हते. आपण न पाहिलेल्या पृष्ठभागाविषयी मात्र ते साशंक होते, आणि ही शंका रास्त होती.

महाविद्यालयीन शिक्षणाच्या संदर्भात ही चर्चा अधिक निकडीची ठरते. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला मूळ अमूर्त चित्र पाहण्याची संधी दुर्मीळ असते. प्रतिकृती त्याच्यापासून काढून घेणे म्हणजे गॉडकिन यांच्या तुच्छतेला पुन्हा आश्रय देणे होय. पण भिंतीवरील झगझगीत पत्रा पाहून अमूर्त चित्र म्हणजे सोफ्याच्या रंगाशी जुळणारी चमकदार नक्षी अशी त्याची समजूत झाली, तर त्यात त्याचा दोष नाही. मूळ कृतीचे माप, आधारद्रव्य आणि प्रतिकृतीत पांढऱ्याचे काय केले, एवढी माहिती पत्र्याच्या मागे छापायला एक चौरस वीत जागाही लागत नाही.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण यासंदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले आणि सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'अ-वस्तुनिष्ठ' म्हणणे पसंत करीत. रूळ आणि पॅलेट-नाइफ यांच्या साहाय्याने ते रंगाचे थर चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत. वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण होत. त्यांच्या चित्रातील प्रकाश बाहेरून पडत नाही, थरांमधून झिरपत वर येतो. घासलेला पत्रा नेमका उलटा वागतो, खोलीतील दिव्याचा उजेड तो जसाच्या तसा परत फेकतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याआधी २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली होती. मूळ चित्र इतके दूर गेले म्हणजे प्रतिकृतीची मागणी वाढणे स्वाभाविक आहे.

मोन्द्रियान व कांदिन्स्की हे दोघेही १९४४ मध्ये निवर्तले. युरोपीय देशांत मृत्यूनंतर ७० वर्षांचे संरक्षण असल्यामुळे १ जानेवारी २०१५ पासून त्यांच्या कृती तेथे कोणालाही छापण्यास मोकळ्या झाल्या. भारतीय कायद्यात ही मुदत ६० वर्षांची आहे आणि ती मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजली जाते. गायतोंडे यांचे निधन ऑगस्ट २००१ मध्ये झाले. त्यांच्या चित्रांचा पृष्ठभाग कोणता असावा, हे विचारण्याचा अधिकार हक्कधारकांकडे २०६१ च्या अखेरपर्यंत आहे.